फ्रँकच्या मागावरचं कापड

मांसाआधी ग्रेव्ही घालून खायच्या पुडिंगचं पीठ शीलाने पाच जणांचं कालवलं आणि आज पहिल्यांदाच त्यावरून तिला कुणी बोललं नाही. गेली चार वर्षं दर रविवारी ती पाच पुडिंगं करत आली होती आणि टेबलाशी माणसं चारच असायची: ती, तिची थोरली बहीण डोरीन, दीर ट्रेव्हर आणि लेक ब्रायनी. पाचवं पुडिंग डोरीनच्या पोटात जायचं. "तुझ्या लेकापायी माझे स्कर्ट होईनासे झालेत," असं दर रविवारी म्हणत ती ते संपवायची. आज मात्र तो लेक, नील, खरोखरच येणार होता.

तो आईला भेटायला येत नव्हता, एका कागदावर सही करायला येत होता, हे शीलाला पक्कं ठाऊक होतं. जेवून लगेच निघेन, असंही त्याने कळवलं होतं. तरी तिने काल त्याच्या खोलीतली चादर बदलली आणि खिडकी उघडून ठेवली.

चार वर्षांत नीलशी तिचं बोलणं म्हणजे रविवारी संध्याकाळचा पाच मिनिटांचा फोन. तिकडे प्लिमथला पाऊस आहे का, इकडे मार्सडनला आहे, बरं मग, काळजी घे. मार्सडनच्या हवेपेक्षा प्लिमथची हवा तिला जास्त तोंडपाठ झाली होती. फोन ठेवला की ती जिन्याखालच्या खुर्चीवर तशीच बसून राहायची. लगेच उठलं तर त्याचा आवाज घरातून निघून जाईल, असं तिला वाटायचं. वेडेपणाच तो, पण तिला तो हवासा वाटायचा.

ब्रायनी बाराच्या सुमाराला आली, एका हातात कागदांची फाइल आणि दुसऱ्या हातात मशीनची पेटी घेऊन.

"ही पेटी कशाला आणलीस?" शीलाने विचारलं.

"गाडीत ठेवायची भीती वाटते. एवढा एकच नमुना आहे गं माझ्याकडे." ब्रायनीने कोट काढला आणि ओव्हनशी वाकून पाहिलं. "आई, तो आल्याआल्या कागदाचा विषय काढू नकोस हं."

"मी कशाला काढू? पुडिंगच्या ताटल्या उचलेपर्यंत या घरात कामाचं कुणी बोलत नाही. तुझ्या बाबांचा नियम आहे तो."

"उद्या दुपारी बारापर्यंत त्याची सही गेली नाही, तर पैसे घालणारे लंडनवाले मागे सरतील. तेरा माणसांचे पगार आहेत माझ्या डोक्यावर." आणि मग एकदम हळू आवाजात, "तो बारीक झालाय का गं? फोनवर कळतं का तसं काही?"

"फोनवर फक्त पाऊस कळतो," शीला म्हणाली.

कंपनी दोघा भावंडांनी मिळून काढली होती, सहा वर्षांपूर्वी, याच घराच्या मागच्या खोलीत. कापडावर कॅमेरा फिरवायचा आणि विणकामातले दोष मशीनने शोधायचे. नीलने मशीनचं डोकं तयार केलं आणि ब्रायनी ते विकायला दारोदार फिरली. पण मशीनला दोष म्हणजे काय हे आधी कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शिकवलं शीलाने. बंद पडलेल्या गिरणीतले रफूविना पडलेले जुने तागे त्यांनी भंगाराच्या भावात उचलले आणि आठ महिने शीला त्यांच्या पाठीवरून बोटं फिरवत बसली. जिथे दोष लागेल तिथे खडूची खूण. अठ्ठावीस वर्षं गिरणीच्या रफूखात्यात तिने हेच केलं होतं. खूण केलेल्या जागांचे फोटो नील मशीनला दाखवायचा आणि मशीन शिकायचं. तिचा नवरा फ्रँक तेव्हा आजारी होता, खाटेवरून नीलला विचारायचा, "आज तुझ्या मास्तरणीने किती धडे दिले रे?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि शीलाने चाळीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. पुडिंगं अर्धी फुगलेली असताना ओव्हनचं दार उघडं टाकून ती तशीच पुढच्या दाराकडे गेली.

नीलने दाढी वाढवली होती आणि दाढीत पांढरं आलं होतं. त्याच्या हातात पेट्रोलपंपावर मिळतात तसली फुलं होती, किमतीची चिठ्ठी न काढलेली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरावा असं शीलाला इतकं वाटलं की तिने घाईघाईने त्याचा कोट मागितला.

"रस्ता कसा होता?"

"ब्रिस्टलपर्यंत पाऊस. मग बरा होता."

"इकडे सकाळी झाला."

"हो का," नील म्हणाला आणि पाय पुसत आत आला.

ट्रेव्हर टेबलाशी आधीच बसला होता. गिरणीत तो मागांचा जॉबर होता, बिघडलेले माग ताळ्यावर आणणारा, आणि अजूनही एखादं यंत्र तपासावं तसा तो माणसांकडे पाही. "चार वर्षांत दाढी तेवढी कमावलीस," तो पुतण्याला म्हणाला.

"तू तेवढीही नाही कमावलीस, काका."

डोरीन मोठ्याने हसली. ब्रायनीने भावाकडे पाहून मान हलवली, भावाने बहिणीकडे पाहून मान हलवली. लहानपणी एका रजईत झोपलेली ही दोघं पोस्टातल्या रांगेत भेटल्यासारखी समोरासमोर बसली. शीलाने बसकी, चपटी पुडिंगं ग्रेव्ही घालून वाढली. चव काही बिघडली नव्हती, पण डोरीनने पुडिंग काट्याने उचललं, बहिणीकडे पाहिलं आणि काही न बोलता खाल्लं.

खाताना ट्रेव्हर नेहमीच्या गोष्टीवर आला. शेकोटीवरच्या फळीवर एक पितळी घड्याळ होतं, गिरणी बंद झाली तेव्हा मालकांनी फ्रँकला दिलेलं. एकतीस वर्षं मागावर, आणि एकदाही पर्चवर बोलावणं नाही. पर्च म्हणजे उत्तरेच्या खिडकीसमोर उंच बसवलेला रूळ. कापड त्यावरून खाली ओढायचं आणि उजेडात फोरमनने खडूच्या खुणा बघायच्या. खूण दिसली की विणकराला बोलावणं, सगळ्यांदेखत बोलणी आणि पगाराला कात्री.

"एकेचाळीस नंबरचा माग," ट्रेव्हर म्हणाला. "त्याचा ब्रेक खराब होता. सुताची नवी कांडी भरली की पहिला आडवा धागा ढिला पडायचा. सुटा भाग मागून मागून थकलो, मालक देईनात. शेवटी मीच तारेने बांधून बसवला. त्यानंतर एक तक्रार आली नाही. एक नाही. फ्रँकचा हात आणि माझी तार."

"लंडनमध्ये मी सुरुवात याच घड्याळाच्या फोटोने करते," ब्रायनी म्हणाली. "माझे वडील एकतीस वर्षं विणत होते आणि त्यांच्या कापडात कधी दोष निघाला नाही, हे मशीन त्यांच्या घरात शिकलंय. खोलीतली माणसं फोन खाली ठेवतात तेव्हा."

शीलाचा घास तोंडातच फिरत राहिला.

तारेने काही झालं नव्हतं. एकेचाळीस नंबरचा पहिला आडवा धागा शेवटच्या दिवसापर्यंत ढिला पडत होता. फ्रँकचे तागे रफूखात्यात आले की शीला ते स्वतःच्या टेबलावर ओढून घ्यायची आणि तेवढा धागा खडू न लावता सुईने गुपचूप ताणून घ्यायची. दोष मागाचा, पैसे मात्र माणसाचे कापणार, हे तिला पटत नव्हतं. लग्नाला वर्ष झालेलं होतं तेव्हा. मग ती सवयच झाली. तिच्या बोटांना तो धागा दोष म्हणून लागेनासाच झाला, तो फ्रँकचा धागा म्हणून लागायचा.

आणि आठ महिने मशीनला शिकवताना, फ्रँक वरच्या खोलीत खोकत असताना, त्याच्या ताग्यांवरच्या सगळ्या गाठी, सगळे तुटके धागे तिने खडूने दाखवले. ढिल्या धाग्यावरून मात्र बोटं तशीच पुढे गेली. मशीनला ढिला आडवा धागा म्हणजे चांगलं कापड, असंच कळलं.

पहिल्या गिऱ्हाइकाने त्याच दोषाचे सहा तागे परत पाठवले तेव्हा फ्रँकला जाऊन तीन महिने झाले होते. या टेबलाशी भांडण झालं. नील म्हणाला होता, मी दहा वेळा तपासलंय, चूक माझ्या कामात नाही, खुणांमध्ये आहे. ब्रायनी उसळली होती. आईच्या बोटांवर ढकलतोस? आत्ता? तिच्याकडे बघ जरा. नीलने आईकडे पाहिलं होतं. आणि शीलाने, त्याच क्षणी सगळं कळून चुकलेल्या शीलाने, तोंडात मिठाची गुळणी धरली होती. खरं सांगायचं म्हणजे फ्रँकचं घड्याळ खोटं ठरवायचं, तो मातीत जाऊन पुरते शंभर दिवसही झाले नसताना. उद्या सांगू, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी नील निघून गेला. मग फोन आणि पाऊस.

पुडिंगच्या ताटल्या डोरीनने उचलल्या. मांस वाढण्याआधीच ब्रायनीने फाइल उघडून कागद भावापुढे सरकवला. "तुझे शेअर कंपनीकडे परत येतात. त्यांना संस्थापक एकच हवाय, कामावर असलेला. वाच."

"वाचायचं काय त्यात," ट्रेव्हर म्हणाला. "सही कर, पोरा. गिरणीने हातावर ठेवलेलं सगळं मी या कंपनीत घातलंय. बुडालं तर मी डोरीनकडे राहायला जाईन."

"मग बुडू देऊ नकोस, नील," डोरीन म्हणाली.

नील सावकाश वाचत होता. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. ट्रेव्हरने चष्मा चढवून त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि ओळ मोठ्याने वाचली. "स्वतःच्या कामातील गंभीर निष्काळजीपणामुळे कंपनीतून बाहेर पडलेले... हे काय आहे, ब्रायनी?"

"वकिलांची भाषा आहे, काका."

"निष्काळजीपणा ही वकिलांची भाषा नाही. मला दोनदा ऐकवलाय तो शब्द गिरणीत, आणि दोन्ही वेळा मी त्या माणसाशी पुन्हा बोललो नाही. खोड ते."

"खोडता येत नाही. त्यांनी मशीन तपासलं, ढिला धागा त्याला अजून दिसत नाही हे त्यांना कळलं. विचारलं, हे कसं झालं? मी काय सांगायचं होतं? चूक जुन्या भागीदाराची, आम्ही ती सुधारू, असं सांगितलं तेव्हा कुठे ते पुढे बोलले." ब्रायनीचा आवाज चिरकला. "मला हौस आहे का? ऑफिसातलं त्याचं टेबल मी अजून कुणाला दिलेलं नाही. रोज त्यावरची धूळ पुसते. पोरं हसतात मला."

नीलने मान वर केली. "ते खिडकीजवळचं?"

"खिडकीजवळचंच."

नीलने कागद जवळ ओढला. "पेन आहे का?"

"नील, घाई करू नकोस," ट्रेव्हर म्हणाला. आता त्याला सही नको होती.

"घाई काय त्यात? चार वर्षं झाली." त्याने पेन घेतलं आणि सही करण्याआधी एकदा आईकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी पाहिलं होतं अगदी तसंच. शीलाला कळलं. याला तेव्हाच माहीत होतं आणि आजही आहे. त्याने दोष स्वतःवर घेतला तो कशासाठी, हेही तिला कळलं. एवढा दूर गेला आणि दर रविवारी पावसाबद्दल बोलत राहिला, ते तिला एकदाही विचारावं लागू नये म्हणून.

"थांब," शीला म्हणाली. "पेन ठेव खाली."

ती वर गेली. कपाटाच्या खालच्या खणातून तिने निळ्या सुटाच्या कापडाचा तुकडा काढला, फ्रँकने गिरणीच्या शेवटच्या आठवड्यात विणलेला. रफूखातं आधीच बंद झालं होतं, त्यामुळे त्यावर कुणाची सुई फिरलेली नव्हती. फ्रँकचा सूट शिवायचा राहून गेला होता. खाली येऊन तिने स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीसमोर, वाळत घालायच्या दांडीवरून ते कापड सोडलं.

"तुझी पेटी उघड, ब्रायनी. फिरव त्यावर."

"आई, मांस गार होईल."

"होऊ दे."

ब्रायनीने कॅमेरा वरपासून खालपर्यंत फिरवला. मशीनवरचा हिरवा दिवा एकदाही लाल झाला नाही. "स्वच्छ," ती म्हणाली. "बाबांचंच आहे ना? वाटलंच मला."

शीलाने शिवणाच्या डब्यातून खडू काढला, कापडाच्या पाठीवर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बोटं खाली सरकू लागली. तिने एक खूण केली. वीतभर खाली दुसरी. मग तिसरी. सातवी खूण झाली तेव्हा ट्रेव्हर उठून जवळ आला.

"हा तर..." त्याने खुणेशी नख लावलं. "हा पहिला आडवा धागा आहे."

"हो."

"मी तार लावली होती."

"तार चांगली होती, ट्रेव्हर. उपयोग नव्हता तिचा. तक्रार आली नाही कारण मी खडू लावला नाही. आधी सुईने ओढून घ्यायचे, मग पुढे पाठवायचे. अठ्ठावीस वर्षं."

ट्रेव्हर डोरीनकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"आमच्या अख्ख्या रफूखात्याला माहीत होतं," डोरीन म्हणाली. "फक्त तुम्हा पुरुषांना माहीत नव्हतं. दर ख्रिसमसला तू तारेची गोष्ट सांगायचास तेव्हा आम्ही भांडी घासायला उठायचो, ते काय उगाच?"

ट्रेव्हर खुर्चीत बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला.

"फ्रँकला?" त्याने विचारलं.

"कधी बोललो नाही त्यावर. घड्याळ घरी आणलं त्या दिवशी त्याने ते माझ्या हातात दिलं, स्वतः ठेवलं नाही. एवढंच." शीला लेकाकडे वळली. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं. "मशीनला मीच शिकवलं हे. तुझी चूक नव्हती. त्या दिवशीच कळलं होतं मला, नील, तू इथे बसला होतास आणि ही तुझ्यावर ओरडत होती तेव्हाच. मी गप्प बसले. रोज वाटायचं तुला बोलवावं आणि सांगावं, आणि रविवारी तुझा फोन आला की मी पावसाचं विचारायचे. तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठतं. तरी गप्प बसले."

नीलने नाक ओढलं आणि दाढीवरून हात फिरवला, फ्रँक फिरवायचा तसा.

ब्रायनी कागद हातात घेऊन उभी होती. तिने ती ओळ पुन्हा वाचली. "मी खोटं सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "घड्याळाचं, आणि तुझंही. चार वर्षं सांगतेय." मग भावाला, "तू पुन्हा का बोलला नाहीस? एकदा म्हणालास, मग का नाही?"

"तू म्हणालीस ना, तिच्याकडे बघ. मी बघितलं."

ब्रायनीने कागद मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला आणि फाइलच्या अगदी तळाशी घातला. "उद्या सकाळी मी त्यांना फोन करते. जे आहे ते सांगते. पैसे बहुतेक जातील."

"बहुतेक," नील म्हणाला. "ढिला धागा नव्याने शिकवायला किती वेळ लागेल, विचारलं तर सहा आठवडे सांग. चांगल्या खुणा मिळाल्या तर." त्याने पुढचं कापडाकडे बघत म्हटलं, "खिडकीजवळच्या टेबलावर ऊन येतं का अजून? स्क्रीनवर काही दिसायचं नाही मला दुपारी."

"पडदा लावलाय," ब्रायनी म्हणाली आणि रडायला लागली.

डोरीनने तिला खुर्चीत बसवलं, ट्रेव्हरने सुरी उचलून गार झालेलं मांस कापायला घेतलं, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. खिडकीत तिसऱ्या प्रहराचा उजेड उतरत चालला होता. शीलाने उरलेल्या हातभर कापडावरून बोटं फिरवली, तीन खुणा केल्या आणि खडू खाली ठेवला. एकूण दहा. झालं, ती मनात म्हणाली.

नील तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. लहानपणी तिने शिकवलं होतं तसे डोळे मिटून त्याने कापडाच्या पाठीवर बोटं टेकली आणि वरून खाली आणली. प्रत्येक खुणेशी ती क्षणभर थांबत, मग पुढे जात. शेवटच्या काठाजवळ, जिथे काही खूण नव्हती, तिथेही बोटं थांबली.

"आई," तो हळूच म्हणाला. "हा एक राहिला."

शीलाने तिथे बोट ठेवलं. धागा ढिला होता. फ्रँकने या मागावर भरलेली अगदी शेवटची कांडी होती ती. तिचं बोट आत्ताच त्यावरून गेलं होतं आणि तिला काही लागलं नव्हतं.

तिने खडू उचलला, हात पुढे नेला, आणि हात तिथेच राहिला. मग तिने खडू लेकाच्या हातात दिला.

"तो तू कर," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

नीलने खडू घेतला, पण लगेच टेकवला नाही. दुसऱ्या हाताने त्याने आईची बोटं धरून त्या धाग्यावर नीट ठेवली, तिला तो पुरता लागेपर्यंत तशीच धरून ठेवली, आणि मग त्यांच्या शेजारी खूण केली.